नेरुळसारख्या मध्यम वस्तीत राहणे नेमके कसे असते?

सम_सेक्टर :

माझ्या भाच्याला ऐरोलीत नोकरी लागली आहे. मुलगा इस्लामपूरचा, शिक्षणासाठी चार वर्षे पुण्यात राहिलेला. परवा फोनवर त्याने विचारले, "मामा, तुमच्याकडे राहायला कसं आहे?" आणि २००० सालापासून नवी मुंबईतल्या नेरुळमध्ये राहत असूनही मला त्याला धड उत्तर देता आले नाही. 'चांगलं आहे' म्हटले तर ते घरांच्या दलालाचे बोलणे झाले असते. 'मुंबईला जवळ आहे' म्हटले तर त्यात राहण्याविषयी काहीच आले नसते. फोन ठेवल्यावर बराच वेळ विचार केला आणि जे सुचले ते इथे मांडतो आहे. इतरांनी भर घालावी, मी चुकत असेन तर दुरुस्त करावे. भाच्याला या धाग्याचा दुवा पाठवणार आहे, त्यामुळे खरे तेच लिहावे, ही विनंती.

नेरुळला आम्ही रहिवासीसुद्धा शहर म्हणत नाही. दादरला किंवा फोर्टला निघालो की "मुंबईला जाऊन येतो" असे सांगतो, इस्लामपूरचे लोक सांगलीला जाऊन येतात तसे. गावही म्हणत नाही, कारण 'गाव' हा शब्द इथे आधीच दोन ठिकाणी खर्ची पडलेला आहे : एक, मे महिन्यात आपण जिथे जातो ते, दुसरे, सेक्टरांच्या मधोमध असलेले मूळचे नेरुळ गाव. मग आम्ही राहतो ते काय? कागदोपत्री तो 'नोड', म्हणजे शहराचा एक नियोजित घटक आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी ते वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, आणि एकच अवाढव्य शहर उभारण्याऐवजी बेताच्या आकाराचे अनेक नोड वसवायचे असे ठरले. नेरुळ हा त्यांतलाच एक. वाशीइतका गजबजलेला नाही, उलव्याइतका नवाही नाही.

या बेताच्या आकाराचा फायदा रोजच्या चालण्यात कळतो. माझ्या घरापासून स्थानक, भाजीबाजार, मुलीची शाळा, वाचनालय आणि आमचे नेहमीचे डॉक्टर यांपैकी काहीही पंधरा मिनिटांच्या पायी वाटेपेक्षा लांब नव्हते. मुलगी चौथीपासून एकटी शाळेत जाऊ लागली. गिरगावात वाढलेल्या माझ्या पत्नीला सुरुवातीला इथल्या रुंद पदपथांचे आणि रात्री साडेनऊच्या शांततेचे फार अप्रूप होते. वर्षभरानंतर तीच शांतता तिला खायला उठू लागली, हेही सांगायला हवे. दुपारी एक ते चार या वेळात आमच्या रस्त्यावर सुरक्षारक्षक, आजी-आजोबा आणि कावळे यांच्याशिवाय कोणी नसते.

ओळखीचे म्हणाल तर ती इथे घराच्या क्रमांकावरून होते. आमच्या इमारतीत आम्ही 'तीनशे दोन' आहोत. पत्नीला सारे 'तीनशेदोनच्या काकू' म्हणतात. २०१४ साली आम्ही त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर थोडे मोठे घर घेतले, पण काकू तीनशेदोनच्याच राहिल्या. आणि तीनशे दोनमध्ये जे नवे कुटुंब आले, त्यांना लोक 'तीनशेदोनचे नवीन' म्हणतात. त्यांना येऊन दहा-अकरा वर्षे झाली आहेत. मला या प्रकारात तुटलेपणा वाटत नाही. इतक्या वर्षांत कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही, आणि आडनावातून पुढे जे विचारले जाते तेही विचारले गेले नाही. आमच्या मूळ गावी ही सवलत मिळत नाही.

सध्या इतकेच. रेल्वे, पाणी, सोसायटी यांविषयी जाणकारांनी लिहावे.

सातअठराची_लोकल :

सम_सेक्टर, दुपारचे तुम्ही लिहिले आहे, सकाळचे मी लिहिते. मी सतरा वर्षे नेरुळहून फोर्टला नोकरीसाठी जाते. हार्बर मार्गाच्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत साधारण एक तास लागतो. पनवेलहून येणारी गाडी नेरुळला येईपर्यंत भरलेली असते, त्यामुळे बसायला मिळेल ही अपेक्षा तुमच्या भाच्याने ठेवू नये. त्याचे कार्यालय ऐरोलीत असल्यामुळे तो मात्र सुदैवी आहे. ठाणे-वाशी मार्ग २००४ साली सुरू झाला, आणि नेरुळ-पनवेलच्या माणसाला ऐरोली, घणसोली, रबाळे येथे मुंबईत पाऊल न टाकता जाता येऊ लागले. खाडीपलीकडे लोकांनी जवळच काम करावे, हा जो मूळचा विचार होता, तो माझ्या पिढीला फारसा लाभला नाही. माझ्या दोन्ही मुलांना लाभला आहे. एक महापे येथे, दुसरी बेलापूरला.

गाडीत आमचा महिलांचा गट आहे. त्यात भाजी निवडण्यापासून डोहाळजेवणापर्यंत सर्व काही झाले आहे. गंमत अशी, की माझ्या सर्वांत जुन्या मैत्रिणी माझ्या सेक्टरातल्या नाहीत. खारघर, जुईनगर आणि सानपाडा या तीन स्थानकांवर चढणाऱ्या आहेत. उपनगरात शेजार कधीकधी आडवा असतो, रुळांवरून धावणारा.

रात्री पावणेदहाला उतरून बारा मिनिटे चालत घरी येते. रस्त्याला दिवे आहेत, औषधांचे दुकान उघडे असते, नाक्यावर अंडाभुर्जीची गाडी असते. या बारा मिनिटांची मला कधी भीती वाटली नाही, आणि घर बदलायचा विषय निघाला की मी हाच मुद्दा पुढे करते.

गावठाणकर :

धागा वाचतो आहे. सम_सेक्टर काकांनी 'मधोमध असलेले मूळचे नेरुळ गाव' असे एका ओळीत आम्हाला उरकले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन अधिसूचित झाली. तुमच्या नेरुळ नोडच्या जागी आमची भातखाचरे होती, मिठागरे होती आणि खाडीकाठी सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे ही आगरी-कोळ्यांची गावे होती. ती आजही आहेत. कुकशेत हे गाव तर कारखान्यासाठी मूळ जागेवरून उठवून इथे आणून वसवलेले आहे. माझ्या आजोबांची सही, खरे तर अंगठा, भूसंपादनाच्या कागदावर आहे. त्या वेळी मिळालेला दर आणि आज त्याच जमिनीवरील घराचा चौरस फुटाचा भाव यांची तुलना घरात कोणी काढली तर आजी उठून आत जायची.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. प्रत्यक्षात त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि हातात पावणेनऊ टक्के येतात, हे तुमच्या सेक्टरात राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? मी हे रागाने विचारत नाही. माझा स्वतःचा मित्रपरिवार निम्मा सेक्टरातला आहे.

गावठाणात आज दाटीवाटीने चार-चार मजली इमारती दिसतात आणि सेक्टरातले लोक त्यांना सरसकट अनधिकृत म्हणतात. आम्ही त्यांना गरजेपोटीची घरे म्हणतो. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द त्या प्रमाणात वाढली नाही, आणि भोवतालची जमीन तर संपादित झालेली. भावाने बांधायचे कुठे? दुसरी बाजूही मान्य करतो : पुढे गरज संपल्यावरही बांधकाम थांबले नाही. काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये हात घालायला जागा नाही, आणि आग लागली तर बंब आत येणार नाही, याची आम्हालाही धास्ती आहे. पण तुमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, तुमचा रिक्षावाला, इस्पितळातील परिचारिका आणि सामान पोचवणारी मुले कुठे राहतात, हे एकदा विचारून पाहा. बहुतेक सारे आमच्या गावठाणात भाड्याने राहतात, कारण सेक्टरात त्यांना परवडेल असे घरच नाही. तुमच्या पंधरा मिनिटांच्या पायी वाटेचा निम्मा भार आमच्या चाळी वाहतात.

आणि भाच्याला सांगा, गावदेवीच्या जत्रेला जरूर ये. आमंत्रण लागत नाही.

सम_सेक्टर :

गावठाणकर, एका ओळीत उरकल्याबद्दल दिलगीर आहे. पावणेनऊ टक्क्यांची गोष्ट मला खरोखर माहीत नव्हती. पंचवीस वर्षांत सारसोळेच्या जेट्टीवर फिरायला शेकडो वेळा गेलो असेन, पण गावात शिरून बसलो ते एकदाच, हळदीच्या जेवणाला. आमच्या इमारतीचे नळकाम करणाऱ्या गृहस्थांकडे हळद होती. रात्री बारा वाजता जेवण सुरू झाले आणि मी कार्यालयाचे कारण सांगून अडीचला निघालो, तर यजमानांना ते फार लवकर वाटले.

भरतीओहोटी :

मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. कोणतेही घर पाहताना लोक दिशा, मजला आणि वाहनतळ पाहतात; या भागात भरतीही पाहावी, असा माझा सल्ला आहे. नेरुळ, वाशी, सानपाडा, बेलापूर येथील खाडीलगतची बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. असे असताना पावसाळ्यात ही वस्ती पाण्याखाली का जात नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

संपूर्ण क्षेत्रावर उंच भराव घालणे खर्चाचे होते. म्हणून काठाला बांध आणि त्याच्या आत धारण तलाव, म्हणजे लोक ज्याला होल्डिंग पाँड म्हणतात ते, अशी रचना केली गेली. पावसाचे पाणी नाल्यांतून या तलावांत येते. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा आहेत. भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात आणि समुद्र आत येत नाही. तेवढ्या तासांत पडलेला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब वरचढ होतो, झडपा उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पाम बीच रस्त्यालगत नेरुळमध्ये 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' नावाचे जे फिरण्याचे ठिकाण आहे, जिथे सकाळी अर्धे नेरुळ मधुमेह कमी करायला येते, तो मुळात असाच एक धारण तलाव आहे. लोक त्याला शोभेचा तलाव समजतात.

अडचण अशी, की दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीबरोबर झडपांच्या फटींतून आणि नाल्यांतून गाळ येत राहतो, तलाव उथळ होतात आणि गाळ साचला की त्यावर खारफुटी उगवते. खारफुटीला हात लावायला २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, कारण लाटा आणि धूप यांपासून काठ राखणारी तीच आहे. परिणामी गाळ काढायचा तर परवानग्या लागतात, परवानग्यांना वर्षे लागतात, आणि दरम्यान तलावाची साठवणक्षमता कमी होत जाते. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरांत गुडघाभर पाणी दिसते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. नाल्यात टाकलेल्या पिशव्या हे दुसरे. ते तलावांइतके तांत्रिक नाही.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र आपल्याकडे मुंबई महानगराच्या मानाने फारच सुसह्य आहे. नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातील मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे केले, हा निर्णय मला आजवरचा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. इथल्या अनेकांना टँकरची वाट पाहणे म्हणजे काय हे माहीतच नाही, आणि त्यामुळे गाड्या धुताना नळ वाहता ठेवण्याची खोडही लागली आहे.

गावठाणकर :

भरतीओहोटी काका, तुम्ही ज्याला झडप म्हणता तिला आमचे म्हातारे 'उघाडी' म्हणायचे. खारजमिनीत भात पिकवायचे तर बांधाला उघाडी ठेवावी लागे. भरतीला ती बंद, ओहोटीला उघडी, पावसाचे पाणी बाहेर आणि खारे पाणी बाहेरच. बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की रात्री-अपरात्री अख्खे गाव चिखल घेऊन धावायचे. ज्याचे शेत नव्हते तोही जायचा. उघाडीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात बोय आणि चिंबोऱ्या मिळायच्या. आता बांध महापालिकेचा आहे आणि तक्रार मोबाइलवर करायची असते.

घोडबंदरकर :

ठाण्यातून लिहितो आहे. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ एका संकुलात आम्ही सात वर्षे राहतो आहोत. अठ्ठावीस मजले, पाच इमारती. तुमच्या नेरुळमध्ये शाळा, बाजार, मैदान ही सेक्टरात आहेत. आमच्याकडे ती फाटकाच्या आत आहेत. किराणा, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, पाळणाघर, गणपती, सगळे आत. फाटकाबाहेर रस्ता आणि त्यावर अवजड वाहनांची रांग. माझा सात वर्षांचा मुलगा ठाण्याला 'बाहेर' म्हणतो. मासुंदा तलावावर नेले तर विचारतो, "हे कोणाचं आहे?" मी म्हटले, सगळ्यांचे. ते त्याला पटले नाही.

सम_सेक्टर यांना घराच्या क्रमांकाने ओळखले जाण्यात मोकळेपणा वाटतो. मला आता त्याचा शीण आला आहे. आमच्या संकुलात इतकी कुटुंबे आहेत, की उद्वाहनात रोज नवा चेहरा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहात मात्र सारे एकमेकांना ओळखत असल्यासारखे भांडतात. एका गृहस्थांशी कुत्र्याच्या विष्ठेवरून तीन आठवडे माझा लेखी वाद चालला होता, आणि नंतर कळले, की ज्यांच्याशी मी रोज सकाळी येऊरच्या डोंगरावरील ढगांविषयी बोलतो तेच ते. त्या दिवसापासून दोघांनीही समूहात लिहिणे थांबवले. ढगांवर बोलणे चालू आहे.

पाण्याच्या बाबतीत भरतीओहोटी यांच्या ओळी वाचून हेवा वाटला. आमच्या मासिक देखभाल शुल्कात टँकर हा कायमचा रकाना आहे. तुमच्याकडची तीन-चार मजली इमारत आणि पायी वाट हवी, असे आता पत्नीही म्हणू लागली आहे, पण तिथली घरे जुनी आहेत, हे ऐकून पाऊल अडते. त्याविषयी कोणी लिहील का?

मानद_सचिव :

घोडबंदरकर, मी लिहितो. मी नऊ वर्षे आमच्या सोसायटीचा सचिव आहे. पदाच्या नावातील 'मानद' या शब्दाचा अर्थ पैसे नाहीत आणि मानही नाही, असा घ्यावा.

नवी मुंबईतील सिडकोच्या बहुतांश जमिनी साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत. घर विकताना सोसायटीच्या कागदांबरोबर सिडकोचे हस्तांतरण शुल्कही भरावे लागते. घर घेणाऱ्याने पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत हे पाहावे, बँकही पाहते. दुसरे, सिडकोने सुरुवातीच्या काळात बांधलेल्या अनेक इमारती जीर्ण झाल्या आहेत. वाशीतील जेएन प्रकारच्या इमारतींमध्ये छताचे गिलावे कोसळण्याचे प्रकार वर्षानुवर्षे घडले आणि पुनर्विकासाला दोन पिढ्यांनी वाट पाहिली. खाऱ्या हवेत सळ्यांना गंज लवकर धरतो. घर पाहताना भिंतीचा रंग पाहू नका, गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीखालचा भाग पाहा.

आता सोसायटीचे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दर वर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत जमा व्हायला हवी. आमच्याकडे पंधरा वर्षे कोणी ती गोळा केलीच नाही, कारण देखभाल शुल्क कमी ठेवणारा सचिव लोकप्रिय असतो. मग २०१६ साली मोठी दुरुस्ती निघाली आणि प्रत्येक घराला एकदम दोन लाखांहून अधिक रक्कम मागावी लागली, तेव्हा मी लोकप्रिय नव्हतो. चार निवृत्त सदस्यांना ते पैसे जमवणे खरोखर कठीण गेले. त्यांपैकी एक आजी हप्त्याने पैसे द्यायला दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः जिने चढून येत असत. मी घ्यायला येतो म्हटले तर त्यांना ते आवडत नसे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. दर वर्षी ती गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, त्याच सात-आठ माणसांत, गणपूर्तीची अट न राहता पुन्हा भरते. त्या अर्ध्या तासात आम्ही चहा पितो. खरे निर्णय चहाच्या वेळीच झालेले असतात. सभेला न आलेले सदस्य नंतर वाहनतळाच्या प्रश्नाविषयी मला चार पानी पत्रे लिहितात. मध्यम आकाराची वस्ती अशी चालते, हे भाच्याला जरूर कळवा : ऐंशी घरांची इमारत सात माणसे चालवतात, आणि त्यांपैकी दोघे तर केवळ बटाटेवड्यासाठी येतात.

इस्लामपूरहून :

नमस्कार. मीच तो भाचा. मामांनी दुवा पाठवला, सर्वांचे लेखन दोन वेळा वाचले. मी मागच्या आठवड्यात सुट्टी काढून घर पाहायला आलो होतो, तो अनुभव सांगतो.

सेक्टरांतील पाच इमारतींत गेलो. तीन ठिकाणी दलालाने दारातच सांगितले, की अविवाहित मुलांना देत नाहीत. चौथ्या ठिकाणी मालक तयार होते, पण सोसायटीच्या कार्यालयातील गृहस्थांनी मला माझे जेवण, माझे मित्र आणि माझी परतण्याची वेळ यांविषयी इतके प्रश्न विचारले, की नोकरीच्या मुलाखतीतही तेवढे विचारले नव्हते. मामा, तुम्ही लिहिले आहे, की तिथे आडनावापुढचे कोणी विचारत नाही. मला विचारले. घर मालकीचे असणाऱ्याला कदाचित विचारत नसतील. पाचवे घर मिळत होते, पण भाडे माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होते.

मानद_सचिव :

भाचेसाहेब, तुमची तक्रार रास्त आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याला घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. कळवावे लागते, करारनाम्याची प्रत द्यावी लागते आणि पोलिसांना माहिती द्यावी लागते. ना-वापर शुल्कही, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तरीही आमच्याच सोसायटीत २०१९ पर्यंत 'बॅचलर नको' असा ठराव सूचनाफलकावर होता, आणि त्याच्याखाली सही माझी होती. एका सदस्याने उपविधींची प्रत समोर ठेवल्यावर तो काढला. काढल्यानंतर जी चार मुले राहायला आली, त्यांपैकी दोघे आता सभेला येतात.

सम_सेक्टर :

बाळा, तू हे मला फोनवर सांगितले नाहीस. मी लिहिलेले वाक्य माझ्या अनुभवापुरते खरे होते. तुला आलेला अनुभवही खरा आहे, आणि तो येईपर्यंत मला माझ्या वाक्याची मर्यादा दिसली नव्हती. २००० साली आम्ही आलो तेव्हा सोबत लग्नाचा फोटो, लहान मुलगी आणि बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र होते. आम्हाला प्रश्न विचारण्याची कोणाला गरजच पडली नाही. घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहा, हे मामीनेही सांगितले आहे.

गावठाणकर :

इस्लामपूरकर, सेक्टरात नाही मिळाले तर शिरवण्यात माझ्या चुलत्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर असे रिकामे आहे. जुईनगर स्थानक चालत दहा मिनिटांवर, तिथून ठाण्याच्या गाडीने थेट ऐरोली. खोटे बोलणार नाही : समोरची इमारत जवळ आहे, दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री झोप मिळणार नाही. चुलते तीन प्रश्न विचारतील : नोकरी कुठे, पाणी जपून वापराल का, आणि मासळीचा वास चालतो का.

इस्लामपूरहून :

गावठाणकर दादा, मनापासून आभार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आताच देतो : वास चालतो, नुसता वास मात्र पुरणार नाही. रविवारी सकाळी पाहायला येऊ का?

भरतीओहोटी :

जायच्या आधी भरतीचे वेळापत्रक पाहा. मोठी भरती असताना जा आणि इमारतीसमोरच्या गटाराचे झाकण उचलून पाणी किती वर आले आहे ते बघा. चुलत्यांना राग आला तर माझे नाव सांगा.

गावठाणकर :

काका, चुलते स्वतःच दाखवतील. रविवारी दहानंतर या, त्याआधी ते बाजारात असतात. भाऊबंदकीमुळे एकाच नावाच्या तीन इमारती आहेत, मधलीत शिरा.